पावसाळ्यातही कोरडी राहील अशी वैरणीची जागा

गाय चिखलातून पाय उपसते तेव्हा 'पच्' असा आवाज येतो. दोन पावसाळे तो आवाज मी रोज ऐकला. मुक्त गोठा करायचा म्हणून आम्ही चारही गाई दावणीवरून सोडल्या, भोवती कुंपण घातलं, मधोमध वैरण टाकायला जागा ठेवली. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत तिथं राड झाली. शाळूचा कडबा शेकड्यानं विकत आणलेला. पेंढी सोडून टाकली की निम्मी गाईंच्या तोंडात, निम्मी खुरांखाली. तुडवलेल्या कडब्याला शेणामुताचा वास लागला की गाय त्याला तोंड लावत नाही. त्या वर्षी एका गाईच्या खुरांच्या बेचक्यात सूज आली आणि दुसरीची कास सुजून दगडी झाली. खाली बसायला कोरडी जागाच नव्हती, त्यामुळं गाई रात्रभर उभ्या राहायच्या आणि सकाळी दूध कमी यायचं.

तिसऱ्या वर्षी जागा नीट बांधली. तेव्हापासून तरण्या-म्हाताऱ्या, म्हणजे जुलैतल्या पावसातही वैरणीपुढं गाईंचे खूर दिसतात. नव्यानं गाई-म्हशी घेणारे बरेच जण घरी येऊन ही जागा बघतात आणि तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आमचं रान कराडच्या पश्चिमेला, काळ्या मातीचं आहे. सातारा-सांगलीत पाऊस सगळीकडं सारखा नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग इथं महिनोन्‌महिने झड लागते, तर माण, खटाव, जत, आटपाडीकडं पाऊस मोजकाच. कोरड्या भागात असाल तर खाली सांगितलेलं निम्मंच काम पुरेल. तिथं चिखल होतो तो मुख्यतः पाण्याच्या हौदाभोवती आणि फाटकात. कृष्णा, कोयना, वारणेच्या काठची काळी जमीन असेल तर मात्र एकही पायरी गाळू नका. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पिऊन फुगते आणि एकदा ओली झाली की तिच्यातून पाणी खाली जात नाही. त्यावर साडेचारशे किलोची गाय चार खुरांवर उभी राहिली की मातीची कणीक मळली जाते.

आधी पाणी, मग मुरूम

आमची पहिली चूक इथंच झाली. चिखल दिसला की मुरमाचा ट्रॅक्टर सांगायचा. पहिल्या वर्षी दोन ब्रास मुरूम चिखलावर ओतला. नारळी पौर्णिमेपर्यंत तो कुठं गेला ते शोधावं लागत होतं. सासरे म्हणाले, "पाणी आलंय कुठनं ते बघितलं का कुणी?" ते कुणीच बघितलं नव्हतं.

वैरणीच्या जागेवर पाणी तीन वाटांनी येतं. वरच्या रानातून उतारानं वाहत येतं, गोठ्याच्या पत्र्यावरून पडतं आणि जनावरं स्वतः करतात ते. तिसऱ्याचा हिशेब लोक धरत नाहीत. दुभती गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण आणि दहा-पंधरा लिटर मूत टाकते. चार गाई म्हणजे रोज साठ-ऐंशी किलो शेण आणि वर चाळीस-साठ लिटर मूत. ते जिथं वैरण तिथंच पडतं, कारण गाय दिवसाचा मोठा वेळ तिथंच उभी असते. म्हणजे पावसाचा थेंब आला नाही तरी त्या जागेवर रेंदा होणारच. पत्र्याचंही तसंच. पंधरा फूट बाय बारा फूट एवढ्या लहान छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आठशे लिटरच्या वर पाणी खाली येतं, आणि पन्हळ नसेल तर ते सगळं एकाच रेषेत, बरोबर गाईच्या मागच्या पायांपाशी पडतं.

म्हणून खोदकामाला हात घालण्याआधी एक वळीव वाट बघा. वळवाचा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर जा आणि उभं राहून पाणी कुठून येतं, कुठं थांबतं ते बघा. जिथं डबकं होतं तिथं काठी रोवा. जिथून ओघळ येतो तिथं दगड ठेवा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा एक फेरी मारा. तेव्हाही जिथं पाणी उभं असेल ती जागा वैरणीसाठी धरू नका. आम्ही ज्या जागेवर दोन वर्षं गाईंना वैरण घालत होतो, तिथं माझ्या तीन काठ्या शेजारीशेजारी उभ्या होत्या.

जागा आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी आणि गोठ्याजवळ हवी, कारण वैरण रोज डोक्यावरून न्यायची असते. विहीर आणि बोअरपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. ट्रॅक्टर किंवा बैलगाडी एका बाजूनं लागेल असं बघा. गव्हाणीची लांबी दक्षिण-उत्तर धरली तर सकाळचं आणि दुपारनंतरचं ऊन दोन्हीकडून आत येतं आणि जागा लवकर सुकते. आपल्याकडं झड पश्चिमेकडून येते, तेव्हा पश्चिमेची बाजू पावसाळ्यापुरती ताट्यांनी किंवा पत्र्यानं बंद करा.

जागा ठरली की वरच्या बाजूला चर काढा. दीड फूट रुंद, एक फूट खोल पुरतो. तो जागेला वळसा घालून पाणी ओढ्याकडं किंवा बांधाच्या कडेनं घेऊन जाईल असा तिरका काढा. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, म्हणजे गोठ्याच्या बाजूला टाका; तिचाच बांध होतो. मात्र हे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. पत्र्याला पन्हळ लावा आणि पाईपनं पाणी चरात किंवा टाकीत न्या. पैसे कमी असतील आणि यंदा एकच काम होणार असेल, तर चर आणि पन्हळ एवढंच करा. बाकी काही नसलं तरी चिखल बराच कमी होईल.

वैरणीचा ओटा

हे काम गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात उरकावं. माती कोरडी असते, ट्रॅक्टर रुतत नाही आणि मृगापर्यंत ओटा दबायला महिना-दीड महिना मिळतो.

माप आधी ठरवा. गव्हाणीवर एका गाईला अडीच फूट जागा लागते; शिंगाळ खिल्लार किंवा म्हैस असेल तर तीन-साडेतीन फूट धरा, नाहीतर दांडगी जनावरं गरीब जनावरांना खाऊ देत नाहीत. गव्हाणीपासून मागं बारा फूट तरी पक्की जागा हवी: सहा फुटांत गाय उभी राहते, मागच्या सहा फुटांतून दुसरी जाते. लोक गाईच्या लांबीपुरतंच सोलिंग (दगडांचा पक्का थर) करतात आणि मग मागच्या पायांखाली खड्डा पडतो, कारण शेणमूत तिथंच पडतं. आमच्या चार गाईंचा ओटा १५ फूट लांब, १२ फूट रुंद आहे. खालचे सगळे आकडे याच मापाचे आहेत. तुमच्या जनावरांच्या हिशेबानं वाढवा.

दोरी लावून जागा आखा आणि वरची नऊ इंच माती काढून टाका. ही काळी माती, जुनं शेण, मुळ्या, काही ठेवू नका. ती रानात गेली तर सोनं आहे, ओट्याखाली राहिली तर सगळं काम वाया घालवते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आम्हाला एका गवंडीमामांनी सांगितली. काळ्या मातीत खड्डा खणला की त्याचा हंडा होतो. वरून मुरलेलं पाणी त्यात साठतं, बाहेर जायला वाट नसते आणि दगड-मुरूम सगळं खालून भिजून हलायला लागतं. म्हणून खड्ड्याच्या तळालाच उतार द्या आणि खालची बाजू उघडी ठेवून ती चराला जोडा. उतार दर फुटाला अर्धा इंच, म्हणजे बारा फुटांत सहा इंच. गव्हाणीकडची बाजू उंच, मागची बाजू खाली. डोळ्यानं मापू नका. पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरून गवंडी लेव्हल बघतात तसं बघा. दोघांचं दहा मिनिटांचं काम आहे.

तळावर एक पदर अंथरायचा असतो, आणि नवखे लोक हाच पदर गाळतात. दगड आणि काळी माती थेट एकमेकांवर आले की गाईच्या वजनानं दगड खाली जातो, चिखल फटींतून वर येतो. युरोप-अमेरिकेत बऱ्याच भागांत हिवाळाच ओला असतो. तिथले पशुपालक वाळलेलं गवत खाऊ घालण्याच्या जागा अशाच बांधतात: वरची माती काढायची, जिओटेक्स्टाइल नावाचं जाड कापड अंथरायचं, त्यावर मोठा दगड, त्यावर बारीक. हे कापड पाणी जाऊ देतं, माती अडवतं. आपल्याकडं रस्त्याच्या आणि शेततळ्याच्या कामाचं सामान विकणाऱ्यांकडं ते मिळतं. ते जमलं नाही तर खताची रिकामी विणलेली पोती धुऊन, उसवून, एकावर एक फूटभर चढवून अंथरा. कापडाइतकी टिकत नाहीत, पण कामाला येतात. मल्चिंगचा प्लास्टिक कागद किंवा ताडपत्री मात्र नको. त्यातून पाणी जात नाही आणि वर तळं होतं.

त्यावर नऊ इंच दगडाचं सोलिंग. दगड उभे, एकमेकांत घट्ट बसवायचे, टोक वर राहू द्यायचं नाही. फटींत बारीक दगड ठोकायचे. यावर घाई करू नका. सोलिंग हललं तर वरचं काही टिकत नाही. १५ बाय १२ फुटांना १३५ घनफूट, म्हणजे साधारण एक ब्रास आणि वर पस्तीस घनफूट दगड लागतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना ध्यानात ठेवा आणि ट्रॉली स्वतः मापून घ्या. घेताना पावती मागा. दगड-मुरूम गौण खनिजात येतो आणि बिनपरवाना वाहतूक झाली तर त्रास होतो.

सोलिंगवर चार इंच मुरूम. दबल्यावर चार इंच राहायला हवा, म्हणून साठऐवजी पंचाहत्तर-ऐंशी घनफूट मागवा. मुरूम चांगला की मातकट हे ओळखायला मूठभर घेऊन भिजवा आणि चोळा. हाताला खर लागली तर घ्या. लोण्यासारखा सरकला आणि बोटं माखली तर तो ट्रॅक्टर परत पाठवा. दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसानं ठोका किंवा ट्रॅक्टर पुढं-मागं फिरवा. टाच जोरात मारली तरी खळगा पडू नये, इतकं दाबा.

सगळ्यात वर दोन इंच क्रशरची बारीक कच. खडी वर टाकू नका. खडीची धार खुराच्या तळव्यात घुसते आणि गाय लंगडते. कच दबून चटईसारखी बसते, खुरांना बोचत नाही आणि शेण ओढताना फावडं अडखळत नाही. ओट्याच्या तिन्ही कडांना मोठे दगड किंवा जुन्या विटा निम्म्या पुरून बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात कडा ढासळतात. एकूण थर पंधरा इंचांचा होतो, खणलं नऊ इंच, म्हणजे ओटा आजूबाजूपेक्षा सरासरी सहा इंच उंच राहतो: गव्हाणीकडं नऊ, मागं तीन.

सिमेंटचा कोबा का करत नाही, असं हमखास विचारतात. ज्यांना धुऊन काढायचं आहे आणि पाणी मुबलक आहे त्यांनी करावा. दुधाळ जनावरं जास्त असतील तर तो सोयीचाच आहे. पण गुळगुळीत कोब्यावर गाय घसरते, आणि गाभण गाय घसरून पडली तर फार वाईट होतं. कोबा केलाच तर ओला असतानाच त्यावर चार-चार इंचांवर आडव्या-उभ्या खाचा पाडून घ्या. माझं मत विचाराल तर चार-सहा जनावरांना मुरमाचा ओटा बरा. बिघडला तर घरच्या घरी दुरुस्त होतो आणि गाय त्यावर निर्धास्त बसते. पक्क्या गोठ्यासाठी सरकारी योजनेतून मदत मिळू शकते. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

गव्हाण

ओटा कितीही चांगला झाला तरी वैरण जमिनीवर टाकली तर ती तुडवली जाणारच. गव्हाण हवीच. अर्धगोल सिमेंटच्या गव्हाणी बाजारात तयार मिळतात. आम्ही दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम उभे कापून वापरले. एका अर्ध्यात एक गाय खाते. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारून घ्या, औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. कापलेल्या कडेला जुना पाईप चिरून बसवा म्हणजे गाईच्या गळ्याला कापत नाही. तळाला बोटभर भोक पाडा, नाहीतर झडीचं पाणी आत साठून भुस्सा आंबतो.

गव्हाणीचा तळ गाईच्या पायांच्या पातळीपेक्षा अर्धा-पाऊण फूट उंच ठेवा. गाय मान खाली घालून खाते तेव्हा लाळ चांगली सुटते. फार उंच गव्हाणीत ती वैरण उधळते. पुढं आडवा बांबू किंवा पाईप बांधा, म्हणजे पाय आत घालता येत नाही. वैरण टाकणारा माणूस पलीकडच्या बाजूनं आला पाहिजे. चाऱ्याची पाटी घेऊन गाईंच्या मधून जावं लागत असेल तर आखणी चुकली आहे, ओटा खणण्याआधीच ती सुधारा.

कडबा कुट्टी करून घाला. अख्खी पेंढी गाय ओढते, झटकते आणि निम्मी खाली पाडते. भाताचा पेंढाही कुट्टी केला की कमी सांडतो.

कडब्याचं बुचाड (पेंढ्यांचा रचलेला ढीग) ओट्यापासून दूर नको, पण त्याच्याखाली दगड-लाकडाचा फूटभर मचाण हवा. जमिनीची ओल चढली की खालच्या पेंढ्या काळ्या पडतात, त्यांना बुरशी येते. बुरशी आलेली पेंढी गाभण गाईला चुकूनही घालू नका. ती सरळ खतात टाका.

छप्पर गव्हाणीवर आणि उभ्या गाईच्या पाठीवर येईल एवढं पुरे. पाण्याचा हौद मात्र गव्हाणीला चिकटून ठेवू नका. आठ-दहा फूट लांब, खालच्या अंगाला, त्याच्याभोवती वेगळं सोलिंग करून ठेवा. गाय तोंडात पाणी घेऊन मागं सरकते आणि चहूकडं सांडते. फ्लोटचा वॉशर गळत असला तर उन्हाळ्यातही तिथं चिखल होतो. फाटकातून जनावरं दिवसातून चार-सहा वेळा जातात-येतात, तेव्हा फाटकाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट दगड-मुरूम टाकाच.

रोजचं काम

ओटा बांधून आठ दिवस जनावरं त्यावर घेऊ नका. नंतर रोज सकाळी आणि संध्याकाळी फावड्यानं शेण ओढायचं. एक दिवस चुकला तरी चालत नाही, कारण शेणाचा थर बसला की पाणी उतारानं जात नाही आणि ओट्यावरच नवा चिखल तयार होतो. चार गाईंना मला वीस मिनिटं लागतात. फावडं सपाट धरा. टोकानं खरवडलं तर कच निघून येते. उकिरडा खालच्या अंगाला ठेवा आणि त्याचं पाणी चरात जाऊ देऊ नका.

ओलसर जागेवर आठवड्यातून एकदा चुन्याची फक्की भुरभुरा, पण जनावरं बाहेर असताना. खुरांची बेचकी रोज बघा. सूज, वास किंवा लंगडणं दिसलं तर पशुवैद्यकांना बोलवा. खूर धुवायला १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद असं द्रावण करतात; जनावरांना ते पिऊ देऊ नका आणि वापरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आणि स्वतः पायात गमबूट घाला. मूत मिसळलेल्या चिखलातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार माणसाला होऊ शकतो. बायका अनवाणी शेण काढतात, तेव्हा हे घरात सगळ्यांना सांगा.

बेंदराच्या सुमाराला पाऊस ऐन भरात असतो. तेव्हा एकदा बादलीभर पाणी गव्हाणीच्या बाजूला ओता आणि बघत उभ्या राहा. पाणी मागच्या कडेला जाऊन चरात पडलं तर ठीक. मध्ये कुठं थांबलं तर तिथं राख टाकून खूण करा आणि उघाड पडताच पाटी-दोन पाट्या मुरूम घालून ठोका.

हिवाळ्यात

दिवाळीनंतर जमीन कडक होते आणि ओट्याला विश्रांती देता येते. सोयाबीन किंवा भात निघालेलं रान मोकळं असेल तर वैरण तिथं घाला आणि जागा दर दोन-तीन दिवसांनी वीस पावलं सरकवत जा. धनगर मेंढ्या रानात बसवतात आणि आपण त्यांना त्याचे पैसे किंवा धान्य देतो. हीच सोय आपल्या गाईंकडून फुकट होते. शेणमूत रानभर पसरतं, एकाच जागी तुडवण होत नाही, उकिरडा वाहायचे कष्ट वाचतात. गव्हाणी हलक्या ड्रमच्या असतील तर दोघं मिळून उचलून नेता येतात. हंगामात उसाची वाढी (हिरवे शेंडे) घालत असाल तर त्यांचा ढीग दिवसाच्या गरजेपुरताच आणा. सांडलेली वाढी दवानं भिजून कुजतात आणि हिवाळ्यातला चिखल तिथूनच सुरू होतो.

पहाटे दव फार पडत असेल तर गाई रात्री ओट्यावर आणा आणि मागच्या सहा फुटांत उसाचं पाचट चार बोटं अंथरा. भिजलेलं पाचट रोज काढून उकिरड्यात टाका.

ओटा रिकामा असताना डागडुजी करा. वरची शेणानं काळी झालेली कच खरवडून रानात टाका, कडेचे हललेले दगड बसवा, चरातला गाळ उपसा. मुरमात खळगे पडले असतील तर ते खणून, भिजवून, नव्यानं ठोका. नुसतं वरून भरलं तर तेच खळगे पुन्हा पडतात. पाडव्याच्या आसपास नवी कच टाका. आमच्या एवढ्या ओट्याला वर्षाला पाव ब्रास पुरते.